उद्देशिकेनंतर लगेच सतरा

परदेशी विद्यार्थ्यांना भारताची राज्यघटना शिकवायची म्हटलं की आमच्या संस्थेत सगळ्यांना आधी त्यांच्या पोटाची काळजी लागते. तिखट चालेल का, पाणी बंद बाटलीतलंच आहे ना, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वगैरे नाही ना. घटनेची काळजी कुणालाच नसते. ती मी करीन असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, आणि मीही ती करत आले आहे.

दिल्लीला लागून असलेल्या एका खासगी विधी संस्थेत मी कंत्राटावर शिकवते. कंत्राट दरवर्षी नवं होतं, म्हणजे दरवर्षी कुणाच्या तरी मनात आलं तर होत नाही. नोव्हेंबरात बाहेरच्या एका विद्यापीठातून मुलं येतात, निरनिराळ्या देशांची, आणि तीन आठवडे त्यांना आपली घटना, न्यायालयं, संसद, निवडणुका अशी सगळी ओळख करून द्यायची असते. मी आले तेव्हा हा अभ्यासक्रम म्हणजे इमारतींचे फोटो होते. ही संसद, हे सर्वोच्च न्यायालय, हा घुमट, हे खांब. मुलं जांभया द्यायची आणि संध्याकाळी पहाडगंजला स्वस्तातली चामड्याची पिशवी आणायला पळायची. तो अभ्यासक्रम मी मोडून नव्याने बांधला, आणि तो माझा आहे असं मला आजही वाटतं. संचालकांनी तो माझ्याकडे दिला तेव्हा ते म्हणाले होते, "मॅडम, आपका तो यह अपना विषय है." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला लगेच कळलं. राग आला, पण अभ्यासक्रम हवा होता म्हणून मी तो गिळला.

पहिल्या दिवशी मी इमारत दाखवतच नाही. मुलांना विचारते, तुमच्या देशाची घटना उद्या सकाळी नाहीशी झाली तर तुमच्या घरात काय बदलेल? एका वर्षी ब्राझीलचा मुलगा म्हणाला, आमच्या घरात कुणाला आठवडाभर कळणारही नाही. जर्मन मुलाने डोकं खाजवून बरंच काही सांगितलं, त्यात घर कुठेच नव्हतं. केनियाची मुलगी म्हणाली, आमची घटना माझ्यापेक्षा वयाने लहान आहे, ती आली तेव्हाची मिरवणूक मला आठवते. नेपाळची मुलगी काहीच बोलली नाही. ती वहीत लिहीत होती आणि मान वर न करता ऐकत होती. अशी मुलं मला आवडतात आणि थोडी भीतीही वाटते त्यांची.

मग मुलांनी मला उलट विचारलं, तुमच्या घरात काय बदलेल? दरवर्षी हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर मी वर्गात देत नाही. उत्तरासाठी मी त्यांना गाझियाबादला माझ्या घरी नेते, सव्वीस नोव्हेंबरला, संविधान दिनाच्या संध्याकाळी.

आमचं कुटुंब विदर्भातलं, बौद्ध. आजोबा दिल्लीला एका मंत्रालयात शिपाई म्हणून आले, वडील त्याच शहरात कारकून झाले, आई एका सरकारी कार्यालयात लागली, आणि मी सरकारी क्वार्टरच्या जिन्यात वाढले. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, नव्या घरात जाणं असो, घटनेची उद्देशिका वाचल्याशिवाय कार्यक्रम होत नाही. सगळे उभे राहतात. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि निळ्या कोटातला फोटो, समोर टेबलावर संविधानाचं जाड पुस्तक, दोन मेणबत्त्या, झेंडूची फुलं. घरातलं सगळ्यात मोठं माणूस वाचतं आणि ते बसल्याशिवाय कुणी बसत नाही. हे बऱ्याच घरांत चालतं. पण आमच्या घरात आणखी एक गोष्ट आहे, ती मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. उद्देशिका संपली की आम्ही थांबत नाही. त्याच श्वासात अनुच्छेद सतरा वाचतो. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, तिचं कुठल्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध आहे, आणि ती लादणं हा गुन्हा आहे. मगच खाली बसायचं आणि खीर खायची.

ही आजोबांची भर. शिपायाचं काम काय, तर साहेबांना पाणी नेऊन देणं. आजोबांना सगळी वर्षं फायली उचलायला लावल्या, टेबलं पुसायला लावली, सायकलवरून डाक पाठवली, पण पाणी आण असं कुणी एकदाही म्हटलं नाही. तोंडावर कुणी काही बोलत नसे. पाण्याची वेळ झाली की दुसऱ्याला हाक जायची, एवढंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी संविधानाचं पुस्तक विकत घेतलं, अडखळत उद्देशिका वाचली आणि म्हणाले, छान आहे, पण यात आपलं कुठे आहे? पानं उलटत उलटत सतराशी पोचले. तेव्हापासून दोन्ही एकदम. आजोबा गेले, वडील गेले, आता आई वाचते.

त्या वर्षी मुलं मास्क लावून आली. नोव्हेंबरात गाझियाबादच्या आमच्या वैशाली भागातली हवा कशी असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. मेट्रोतून उतरून घरापर्यंत येईतो जर्मन मुलगा इतका खोकला, की आईने त्याला आधी गरम पाणी आणि मध दिलं आणि मगच आत घेतलं. मुलांना मराठी येत नाही, म्हणून मी इंग्रजी मजकूर छापून आणला होता. घरच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही मजकूर सलग, मधे ओळही न सोडता. त्यात मी काही डाव टाकला नव्हता. आमच्या घरात ते दोन आहेत असं मला कधी सुचतच नाही. आईने मराठीत वाचलं, मुलांनी तिच्यामागून इंग्रजीत. आई मधेच चष्मा सारखा करायला थांबली तर मुलंही थांबली. केनियाच्या मुलीचा आवाज असा काही खणखणीत लागला, की शेजारच्या बाई दार उघडून बघायला आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

खीर खाताना आई म्हणाली, "ही काळी पोरगी काय छान वाचते गं."

मी म्हटलं, "आई, काळी नको म्हणूस."

"अगं मग मी कोण गोरी आहे?" आई म्हणाली आणि तिला आणखी खीर वाढली.

ब्राझीलच्या मुलाने त्या संध्याकाळचा फोटो काढला होता. पांढऱ्या साडीत आई, हातात झेंडू, समोर पुस्तक, मेणबत्त्यांचा उजेड. फोटो खरंच सुरेख होता. त्याने तो आपल्या अहवालात लावला आणि खाली लिहिलं, भारतात लोक घटनेची पूजा करतात. अहवाल संचालकांच्या टेबलावर गेला आणि तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

संचालकांनी मला बोलावलं. ते खुशीत होते. फोटो पडद्यावर मोठा करून म्हणाले, "मॅडम, यह देखिए. यही तो भारत है. अगले साल के ब्रोशर का पहला पन्ना. संविधान को पूजने वाला देश." आणि त्याच बैठकीत, चहाचा कप खाली ठेवायच्या आत, त्यांनी वेळापत्रकातला एक तास पेनाने कापला. तो तास अनुच्छेद सतराचा होता. "मेहमान हैं," ते म्हणाले. "अच्छी छवि लेकर जाएँ. यह सब तो अब इतिहास है. उस दिन इन्हें पानीपत घुमा लाइए, हैंडलूम देख लेंगे."

मी म्हटलं, "सर, फोटोत जी बाई आहे ती माझी आई आहे. ती पूजा करत नाहीये. ती वाचतेय. आणि जे वाचतेय तेच तुम्ही आत्ता कापलंत."

"बिल्कुल, बिल्कुल," ते म्हणाले. "बहुत भावुक तस्वीर है."

मी म्हटलं, फोटो छापायचा तर ही माणसं का उभी आहेत तेही खाली छापा. ते म्हणाले, एवढी मोठी ओळ बसणार नाही. मी म्हटलं, मग फोटो काढून टाका. ते म्हणाले, फोटो संस्थेच्या अधिकृत भेटीतला आहे, त्यावर संस्थेचा हक्क आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरातल्या भिंती, माझ्या आईचा हात, झेंडूसुद्धा मी सकाळी जाऊन आणलेला, आणि हक्क संस्थेचा. घरी येऊन आईला सांगितलं तर ती आधी म्हणाली, त्या फोटोत माझी साडी नीट दिसत नाही. मग म्हणाली, "फुलं त्यांना पाहिजेत, आणि फुलं कशाला वाहिली ते नको, असंच ना?" मी वकिलीतला शब्दन् शब्द शिकले आहे, पण या प्रकाराला यापेक्षा बरं नाव मला देता आलं नसतं.

मी पानिपतला गेले. मराठी माणसाने पानिपतला जायचं म्हणजे काय, ते त्या मुलांना समजावण्यात अर्धा रस्ता गेला. बाकीच्या अर्ध्या रस्त्यात हायवेवर ट्रक उलटला होता, बस जागची हलत नव्हती, आणि ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता. मी माइक हातात घेतला. वर्गात सतरा घेऊ नका असं मला सांगितलं होतं. बसचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मी दोन सीटांच्या मधे उभी राहून सगळं शिकवलं. तो अनुच्छेद का लिहावा लागला, त्याच्या मागून कोणते कायदे आले, न्यायालयात ती प्रकरणं आजही कशी उभी राहतात, घर भाड्याने द्यायच्या आधी घरमालक आडनाव का विचारतात. इतिहास आहे म्हणतात ना, मग हा इतिहास रोज संध्याकाळी गाझियाबादला मेट्रोने घरी कसा जातो तेही सांगितलं.

तेव्हा नेपाळच्या मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. ती म्हणाली, आमच्याही घटनेत अशी ओळ आहे, मॅडम. माझी आई शाळेत शिकवते, ती ही ओळ मुलांकडून पाठ करून घेते. पण आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना येता येत नाही. ती रडली वगैरे नाही. सरळ माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते म्हणून. मी म्हटलं, हे तू तुझ्या अहवालात लिही. ती म्हणाली, लिहिलं आहे. हातमाग पाहायला आम्ही उशिरा पोचलो आणि मुलांनी चादरींची भरपूर खरेदी केली.

मग समारोप आला. बाहेरच्या विद्यापीठातून त्यांच्या विभागप्रमुख बाई आल्या होत्या, उंच, पिकलेले केस, सगळ्याला नीट प्रश्न विचारणाऱ्या. संस्थेचे विश्वस्त पहिल्या रांगेत. पडद्यावर आईचा फोटो, दहा फुटी, आणि खाली तेच वाक्य. मी मागच्या भिंतीशी उभी होते. मला व्यासपीठावर बोलावलं नव्हतं, आणि ते एका अर्थी बरंच होतं, कारण आईचा चेहरा एवढा मोठा बघून माझा स्वतःवर ताबा राहिला नसता.

संचालक म्हणाले, आता आमचे परदेशी विद्यार्थी आपल्यासमोर भारताच्या घटनेची उद्देशिका म्हणतील. कार्यक्रमपत्रिकेत ते होतंच. मुलं पुढे गेली आणि थांबली. केनियाच्या मुलीने सभागृहाकडे बघितलं, मग शेजारच्या मुलाकडे, आणि अगदी साधेपणाने म्हणाली, तुम्ही सगळे बसलेले आहात. उद्देशिकेला उभं राहतात. तिला तसंच शिकवलं होतं, माझ्या आईने. तिला वाटत होतं भारतात सगळीकडे हीच रीत आहे. पहिल्या रांगेत थोडी चुळबूळ झाली. त्या परदेशी बाई उठून उभ्या राहिल्या. पाहुण्या उठल्यावर विश्वस्तांना बसून कसं चालेल? विश्वस्त उठले म्हणून संचालक उठले, आणि मग खुर्च्या सरकवत सगळं सभागृह उभं राहिलं.

मुलांनी सुरुवात केली. आम्ही, भारताचे लोक. एवढं मराठीत, आईच्या चालीवर, मग पुढचं इंग्रजीत. छान म्हणत होती. शेवट आला, संचालकांनी टाळ्यांसाठी हात वर घेतले, आणि मुलं थांबलीच नाहीत. त्याच श्वासात पुढे गेली. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, कुठल्याही स्वरूपात तिचं आचरण निषिद्ध आहे.

त्यांना ते एकच वाटत होतं. मी दिलेल्या कागदावर ते एकच होतं, आईने वाचलेलंही एकच. पहाडगंजच्या मराठी शाळेत मी लहान असताना प्रजासत्ताक दिनाला अगदी हेच केलं होतं, आणि बाईंनी मला शेवटपर्यंत म्हणू देऊन मग पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, पुढचं त्यात नाही हं बाळा. माझी चूक आता नऊ मुलांच्या तोंडून, चार-पाच देशांच्या उच्चारांत, सगळ्या सभागृहाला उभं करून ऐकू येत होती. संचालकांचे हात टाळीसाठी वर घेतलेले तसेच राहिले. मला हसू आलं आणि डोळ्यांना पाणीही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे मी तोंडावर ओढणी धरली.

चहाच्या वेळी परदेशी बाई माझ्याकडे आल्या, मागोमाग संचालक. बाईंनी विचारलं, तो शेवटचा भाग उद्देशिकेत आहे का? मी वाचली तेव्हा नव्हता.

मी उत्तर द्यायच्या आत संचालक म्हणाले, "मुलांची जराशी चूक झाली. पाठांतरात गोंधळ. आमच्या मॅडम आता खुलासा करतीलच." इंग्रजीत, हसत, आणि माझ्याकडे बघत. त्या बघण्यात सगळं होतं. फेब्रुवारीत नवं कंत्राट होतं. चूक झाली म्हणायचं, एवढंच काम होतं. आणि ते खोटंही नव्हतं. पुस्तक उघडलं तर उद्देशिका पहिल्या पानावर आहे आणि सतरा बरीच पुढे. मी नुसती मान हलवली असती तरी अभ्यासक्रम माझ्याकडे राहिला असता, पुढच्या नोव्हेंबरातही मुलं माझीच असती.

नेपाळची मुलगी हातात कप घेऊन शेजारी उभी होती. ती पटकन म्हणाली, "मला माहीत होतं की ते वेगळं आहे. मी घटना वाचली आहे. मी थांबले नाही."

विशीतली, परक्या देशातली मुलगी असं बोलल्यावर मी कुठल्या तोंडाने चूक म्हणणार होते?

मी म्हटलं, "चूक नाही. पुस्तकात ते लांब आहे. आमच्या घरात ते लगेच येतं. पडद्यावर तो फोटो आहे ना, ते माझं घर आहे. ती माझी आई आहे. पूजा करत नाहीये. तिच्या सासऱ्यांना कुणी पाणी आणायला सांगत नव्हतं, म्हणून ती हे वाचते." आणि मग आजोबांचं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, हातातला समोसा गार होईपर्यंत. संचालक मधेच दुसऱ्या पाहुण्यांकडे गेले. परदेशी बाईंनी काही लिहून घेतलं नाही, सहानुभूतीचा चेहरा केला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "हे तुमच्या वेळापत्रकात का नाही?" मी म्हटलं, "होतं."

फेब्रुवारीत माझं कंत्राट झालं. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं, विद्यार्थ्यांचे अभिप्राय चांगले होते. पण परदेशी मुलांचा अभ्यासक्रम माझ्याकडून काढला आणि मला पहिल्या वर्षाला कंत्राट कायदा शिकवायला दिला. कंत्राटावरच्या बाईने कंत्राट कायदा शिकवायचा, यातली गंमत कुणाच्या लक्षात आली होती की नाही, कुणास ठाऊक. मला फार वाईट वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. तो अभ्यासक्रम मी वीट वीट करून उभा केला होता, आणि कॉरिडॉरमधून जाताना दुसऱ्याच्या आवाजात घुमट आणि खांब ऐकू यायला लागले की मी भरभर पुढे निघून जायची. पण चूक म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं एकदाही वाटलं नाही.

ऑक्टोबरात संचालक स्वतः माझ्या खोलीत आले. खोली म्हणजे तिघींत मिळून एक, बाकीच्या दोघी तासावर होत्या. त्यांनी कॅन्टीनमधून चहा मागवला. हवापाण्याचं बोलणं झालं. मग म्हणाले, बाहेरच्या विद्यापीठाचं पत्र आलं आहे, त्यांना त्या घराची भेट हवी आहे. ती भेट नसेल तर मुलं पाठवायची की नाही याचा ते विचार करतील. "तो मॅडम, घर आपका. क्लास वही सर लेंगे जो ले रहे हैं. बस एक शाम की बात है. माताजी को भी अच्छा लगेगा."

मी म्हटलं, "माझं घर हवं असेल तर ते माझ्या तोंडासकट मिळेल. अभ्यासक्रम परत द्या. सतराचा तास परत द्या. आणि फोटोखालचं वाक्य बदला."

ते हसले. "आप बहुत शर्तें रख रही हैं."

"अजून एक राहिली आहे," मी म्हटलं. हे मी ठरवून ठेवलं नव्हतं. किती वर्षं ओठांवर होतं ते मात्र ठाऊक आहे. मी हिंदीतच बोलले, त्यांना नीट समजावं म्हणून. सर, आमच्या सोसायटीत पुढच्या ब्लॉकमध्ये आपले ग्रंथपाल राहतात. तुम्ही त्यांच्याकडे दोनदा जेवून गेलात. एकदा त्यांच्या मुलाच्या मुंजीला आणि एकदा असंच, रविवारी. माझ्या नव्या घराच्या कार्यक्रमाला मी बोलावलं तेव्हा तुम्ही पुष्पगुच्छ पाठवलात. माझ्या वडिलांच्या वेळी फोन केलात. संविधान दिनाला दरवर्षी तुम्हाला आमंत्रण असतं आणि दरवर्षी तुमचा उपास असतो. नऊ परदेशी मुलं माझ्या घरी जेवली, सर. तुम्ही आमच्या गल्लीपर्यंत येता आणि परत जाता.

त्यांचा चेहरा लाल झाला. "ऐसी कोई बात नहीं है," ते म्हणाले. "आप गलत समझ रही हैं."

"चांगलं आहे," मी म्हटलं. "तसं काही नसेल तर सोपं आहे. सव्वीस नोव्हेंबरला संध्याकाळी या. मुलांना घेऊन तुम्हीच या. आमच्यात उभे राहा, आई वाचेल ते मागून वाचा, आणि मग आमच्याबरोबर जेवा. वांग्याची भाजी आणि खीर असते. बाकीचं जेवण झाल्यावर बोलू."

"देखते हैं," ते म्हणाले आणि उठले. कॅन्टीनचा चहा तेवढा त्यांनी पूर्ण प्यायला.

आईला सांगितलं तर ती घाबरली नाही, चिडलीही नाही. तिने वांगी जास्त आणायला सांगितली. सव्वीसच्या संध्याकाळी साडेसातपर्यंत मेणबत्त्या पेटवायच्या थांबलो. मग आईने वाचलं, दोन्ही, सलग. आम्ही घरचे, शेजारच्या बाई, आणि नेपाळच्या मुलीचा व्हिडिओ कॉल, त्यात ती आपल्या स्वयंपाकघरात उभी होती आणि तिची आई तिच्या मागे. संचालक आले नाहीत. भेट होईल असं कळवून बोलावलेल्या त्या वर्षीच्या मुलांना त्या दिवशी कुठला तरी किल्ला दाखवला, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं काहीतरी होतं. ते सगळं बोलून झालं, ते ठेवणार एवढ्यात मीच म्हटलं, "सर, कल भाभीजी का व्रत था या आपका?" ते परत पर्यवेक्षणाच्या तारखांवर गेले. मी म्हटलं, "कोई बात नहीं. पुढच्या वर्षी पण सव्वीसलाच आहे. ताट वाढून ठेवते, तुम्ही नाही आलात तर कोण आलं नाही हे वर्गातल्या मुलांना शिकवते."